अव्वाचा नेम, लेकाचा दिवस

या, सरका अशा जवळ. पेटीचा सूर अजून लागायचाय, पखवाजाला कणीक थापणं चाललंय, आणि गुरुशांतप्पा बुवा आत विभूतीचे पट्टे ओढायलेत. ते एकदा उभे राहिले की मग माझं कोण ऐकणार? तोवर एक गोष्ट सांगतो. हिच्यात जहागीरदाराचा लेक आहे, दर्या आहे, बर्फाचा डोंगर आहे, आणि वाढलेलं एक ताट आहे. गोष्ट झाली की तुमच्याकडं एक मागणं मागीन. खिशाला हात लावू नका, पैशाचं नाही.

हुलसूरकडून बसवकल्याणला जाताना लाल मातीचा एक चढ लागतो. त्याच्या अल्याडची सगळी शिवारं निजामाच्या काळी एकाच घराची होती. पुढं जहागिरी गेली, जमिनी वाटल्या गेल्या, घोडे गेले. उरलं ते बसथांब्याजवळचं स्लॅबचं घर, जहागीरदार हे आडनाव, आणि एक रीत. रीत अशी, की त्या घरच्या मालकिणीनं सगळ्यांच्या मागून जेवायचं. गडीमाणसं, पाहुणे, लेकरं जेवून उठली की तिनं दारात यायचं आणि रस्त्याकडं तोंड करून मोठ्यानं विचारायचं, "कुणी जेवायचं राह्यलंय का?" कुणी ओ दिली नाही, तरच हात धुवून ताटावर बसायचं.

बसम्मा अव्वांनी ही रीत जन्मभर पाळली. एखादा टवाळ पोरगा रस्त्यावरून ओरडायचा, "मी राह्यलोय, अव्वा!" अव्वा त्याला हाताला धरून आत न्यायच्या आणि असं वाढायच्या, असं वाढायच्या, की त्याला उठताना भिंतीचा आधार लागायचा. दुसऱ्यांदा तीच थट्टा करायला कुणी धजलं नाही.

त्यांना एकच लेक. राजशेखर.

हा पोरगा लहान असताना एकदा चैत्रात गारा पडल्या. करडई झोडपली गेली, माणसं कपाळाला हात लावून बसली, आणि हा मात्र डोक्यावर परात घेऊन अंगणात गारा वेचत फिरायलेला. वेचल्या, गाडग्यात भरल्या, गाडगं ज्वारीच्या भुश्यात पुरून ठेवलं. सकाळी उघडून बघतो तर नुसतं पाणी. तेही गढूळ. पोरगं असं रडलं की विचारू नका.

अव्वा म्हणाल्या, "आरं, गारा म्हंजे पाव्हण्या. आल्या, बसल्या, गेल्या. तुला त्यांच्यासंगं राहायचंच असंल तर त्यांच्या गावाला जावं लागंल."

आईनं समजूत काढायला म्हटलं. पोरानं ते मनात ठेवलं.

मांजरा नदीपलीकडं पाणी न पाहिलेला हा मुलगा विजापूरच्या सैनिकी शाळेत गेला, तिथून नौदलात. जहाजावर उभा राहिला की त्याला डोंगर आठवायचे, आणि डोंगरावर चढला की दर्या. सुट्टी मिळाली की हिमालय. एकदा असाच मोठा डोंगर चढून घरी आला. बूट काढले, तर डाव्या पायाची करंगळी नाही. थंडीनं गेली.

अव्वांनी तो पाय मांडीवर घेतला. करंगळीच्या जागेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "तुझ्या आज्यानं देवळाला जमीन इनाम दिली. तू डोंगराला करंगळी देऊन आलास व्हय? शेवटी जहागीरदाराचाच लेक."

ती संध्याकाळ मला आठवते. ओट्यावर आम्ही बसलेलो. अव्वा सुपात तूर निवडत होत्या. शेजारी इरप्पा होता. त्याच्या घरी आज्यापर्यंत मेंढरं होती, आता तो जहागीरदारांच्या उरलेल्या रानात काम करतो. राजशेखर म्हशीचं दावं हातात घेऊन त्याला दाखवत होते, डोंगरावर दोर कसा धरतात ते.

"हे बघ इरप्पा. एक टोक वर चढणाऱ्याच्या कमरेला, एक खालच्याच्या कमरेला. वरचा 'पोचलो' म्हणून हाक देत न्हाई, तोवर खालच्यानं दोर सोडायचा न्हाई. हात कापू दे, भूक लागू दे, झोप येऊ दे."

"आन् लघवीला लागली तर, धनी?"

"तरीबी न्हाई."

"मग मी आपला रानातच बरा," इरप्पा म्हणाला. सगळे हसले. अव्वा हसल्या नाहीत. त्यांचे हात सुपात थांबले होते. "खालचा उपाशी राह्यला तर वरचा वाचतो, असंच ना?" त्यांनी विचारलं.

"असंच म्हण, अव्वा."

त्या मान हलवून पुन्हा तूर निवडायला लागल्या.

मग एका वर्षी बातमी आली. पृथ्वीच्या पार खालच्या अंगाला, जिथं जमीन संपते आणि नुसता बर्फ राहतो, तिथल्या डोंगरात नौदलाची एक तुकडी जाणार होती. तिचे मुख्य, कॅप्टन राजशेखर जहागीरदार. पन्नाशीला आलेला माणूस, पण फोनवर आईला सांगताना आवाज डोक्यावर परात घेतलेल्या त्या पोराचा. "अव्वा, गारांच्या गावाला जायलोय."

तो श्रावण होता. याच मठात, याच खांबांमध्ये महिनाभर शिवकीर्तन चाललं होतं. शेवटच्या दिवशी आपल्याकडची चाल तुम्हाला माहीतच आहे. कीर्तन उतरलं की ज्याला जो नेम धरायचा तो त्यानं सगळ्यांसमोर बोलायचा आणि बुवांच्या हातून विभूती घ्यायची. त्या दिवशी बुवांनी पंगतीची कथा लावली होती. पंगतीतला एक माणूस पुरात अडकून राहिला, आणि घरच्या माउलीनं तो येईस्तोवर आपलं पान वाढू दिलं नाही. बुवांचा आवाज असा काही लागला होता की पेटीवालाच रडायलेला. मग नेम सुरू झाले. कुणी गुटखा सोडला, कुणी शिव्या. इरप्पा उठून म्हणाला, "मी बिडी सोडली." मागून त्याची बायको ओरडली, "पुरं सांगा की!" तेव्हा म्हणाला, "सोमवारची."

आणि हसणं विरलं नाही तोच अव्वा उठल्या. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं.

"माझा लेक बर्फात जायलाय," त्या म्हणाल्या. "त्याच्या डोक्यावरचा सूर्य रोज सुखानं मावळू दे. तो मावळला असं त्याच्या तोंडून ऐकीन, मगच मी जेवीन. दिवसाला एकदाच. लेक घरी येईस्तोवर."

बुवांनी डोळे पुसत त्यांच्या कपाळाला विभूती लावली. आमच्यापैकी एकाच्याही मनात काही आलं नाही. कसं यावं? भाकर मिळाली नाही असा दिवस आमच्या मुलखानं पाहिलाय. सूर्य मावळला नाही असा दिवस कुणी पाहिला होता?

राजशेखरांना कुणी काही सांगितलं नाही. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, एवढंच आम्ही शिकलेलो. त्यांच्या बायकोला, चैत्राबाईंना, अव्वांनी ताकीद दिली. "त्याला एवढंच म्हण, आईला रोज सूर्य मावळल्याचं सांगत जावा. म्हातारीचा हट्ट हाय म्हण."

आणि काय सांगू, त्या जहाजावरून काय काय सूर्य मावळले! उपग्रहाचा फोन यायचा, चैत्राबाई मोबाईलचा आवाज मोठा करून पाटावर ठेवायच्या, अव्वा पदर सावरून बसायच्या, आणि मोबाईलमधून लेक बोलायचा.

"अव्वा, मावळला."

"कसा मावळला रे?"

"करडईच्या फुलासारखा. आधी पिवळा होता, मग कडंनं लाल झाला. पाण्यात पडला तरी विझला न्हाई, आतून उजेड यायलाय."

दुसऱ्या दिवशी, "आज आपल्या बीदरच्या मातीचा होता, अव्वा. निस्ता लाल मुरूम. ढगाचा किल्ला, त्याच्या बुरुजामागं उतरला." तिसऱ्या दिवशी आणखी काही. अव्वा ऐकायच्या, दारात जाऊन हाक मारायच्या, मग जेवायच्या. इरप्पाची बायको म्हणायची, अव्वा जेवतात त्याच्यात मीठ कमी पडलं तरी त्यांना कळत नाही, तोंडात सूर्यच असतो.

पण जहाज जसं खाली खाली गेलं तसा फोन उशिरा यायला लागला. तिथला दिवस लांबत होता. अव्वांचं जेवण संध्याकाळवरून सरकलं, सरकत सरकत पहाटेला टेकलं. चैत्राबाईंच्या जिवाला घोर लागला, कारण अव्वांना साखरेचा आजार, गोळ्या जेवणाला बांधलेल्या. अव्वा म्हणायच्या, "आगं, एवढं काय? लेकाचा दिवस मोठा व्हायलाय म्हंजे आयुष्य वाढायलंय."

आणि मग तुकडी जहाजावरून उतरून बर्फावर तंबू ठोकून राहिली, तेव्हा तो फोन आला.

"अव्वा! आज मजाच झाली! सूर्य मावळलाच न्हाई! खाली आला, आता टेकणार, आता टेकणार म्हणलं, तर परत वर निघाला. आता महिनाभर मावळायचा न्हाई. जात्याच्या खुंट्यासारखा नुसता गोल फिरायलाय, अव्वा, आभाळभर!"

पाटावर मोबाईल, समोर अव्वा. चैत्राबाईंनी तोंडाला पदर लावला.

"बरं झालं लेका," अव्वा म्हणाल्या. "तुझ्यावर उजेड राहू दे." आणि उठून ताटावर झाकण ठेवलं.

पहिला दिवस त्यांनी पाण्यावर काढला. दुसऱ्या दिवशी त्यांना खांब धरून चालावं लागलं. बसवकल्याणहून डॉक्टर आले, त्यांनी चैत्राबाईंना बाजूला घेऊन सांगितलं की या वयात, या आजारात, असं चाललं तर मी जबाबदार नाही. बातमी मठात गेली. गुरुशांतप्पा बुवा चप्पल न घालताच पळत आले. त्यांचा देह तुम्ही बघताच, पळणं हे काही त्यांचं काम नव्हे.

"अव्वा, मी नेम सोडवतो," बुवा धापा टाकत म्हणाले. "मीच विभूती लावली, मीच सोडवतो. शास्त्राला मंजूर हाय."

"तुम्ही फकस्त विभूती लावली, बुवा. दोर माझ्या कमरेला हाय."

"कसला दोर?"

"लेकानं सांगितलाय. वरचा हाक देत न्हाई तोवर खालच्यानं सोडायचा न्हाई."

बुवा ओट्यावर बसले. "मग मीबी जेवत न्हाई. पाप माझ्या गळ्याचं हाय. एवढं गोड गायला कुणी सांगितलं होतं मला?"

"तुमचं उपाशी तोंड बघून मलाच पाप लागायलंय. जावा घरी."

"मग जेवा तुम्ही."

"तुम्ही जेवा आधी."

असे ते दोघं समोरासमोर बसले. मठातल्या हुग्गीच्या, म्हणजे गव्हाच्या खिरीच्या, पातेल्यात आजवर ज्यांनी तळ दिसेस्तोवर पळी फिरवली, ते बुवा त्या दिवशी पाण्याचा तांब्या घेऊन बसले होते. गावातली माणसं येऊन बघून जायची, हसू का रडू कळायचं नाही.

संध्याकाळी फोन आला तेव्हा चैत्राबाई मोबाईल घेऊन गच्चीवर गेल्या, आणि पाण्याच्या टाकीआड उभ्या राहून नवऱ्याला सगळं सांगितलं. नेम, विभूती, झाकलेलं ताट. मग म्हणाल्या, "अहो, एकदा नुसतं 'मावळला' म्हणा. एवढंच. म्हातारीचा जीव वाचंल."

पलीकडं वारा सुटलेला, त्यातून राजशेखर बोलले.

"ती विचारंल, चैत्रा. 'खरं?' म्हणून विचारंल. आणि मी खोटं बोललो की तिला आवाजात कळतं. लहानपणापासनं कळतं."

"मग नेम सोडा म्हणून तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील."

"ते तर मला सांगताच येत न्हाई. दोर सोडू नको, हे मीच शिकवलंय तिला. तिला म्हण, थोडं थांब. म्हण, लेक सूर्याच्या मागं गेलाय."

आता गारांच्या गावाला चला. डोळे मिटलेत तरी चालेल.

पांढरं माळरान. इतकं पांढरं की आभाळ आणि जमीन एकाच धोतराची दोन टोकं वाटावीत. त्यावर माणसांचे चारदोन तंबू. झाड नाही, पाखरू नाही, वाट नाही. दक्षिणेला दूर एक काळा डोंगर बर्फातून डोकं काढून बसलेला, नंदी बसावा तसा. त्याला नाव नव्हतं. सूर्य आभाळभर फिरून जेव्हा सगळ्यात खाली उतरायचा, तेव्हा त्या नंदीच्या वशिंडाला घासून जायचा. घासायचा, पण मागं जायचा नाही.

कॅप्टनसाहेब हे दोन दिवस बघत होते. त्या दिवशी मात्र त्यांनी दर्यावर सूर्य मोजायचं आपलं यंत्र काढलं, बोटांवर हिशेब केला, आणि त्यांच्या लक्षात आलं, की सूर्य डोंगरामागं जात नाही, कारण आपण डोंगरापासून लांब आहोत. आपण जवळ गेलो, त्याच्या पायथ्याला, तर डोंगर उंच होईल आणि सूर्य त्याच्याआड जाईल. सूर्य मावळत नसेल तर नसो. माणसानं चालत मावळतीला जावं.

पण पायथ्याला जायचं म्हणजे मध्ये बर्फाच्या भेगा. वरून साय धरलेली, आत विहिरीहून खोल. आणि पायथ्याला बर्फाची एक उभी भिंत. तुकडीचा मुख्य आईच्या जेवणासाठी जीव धोक्यात घालतो म्हटल्यावर लोक काय म्हणतील? त्यांनी सगळ्यांना बसवून खरं ते सांगितलं. कुणावर बळजबरी नाही म्हणाले. लडाखचा एक सोबती होता, स्टान्झिन, बुटका, हसरा, बर्फातच जन्मलेला. तो आधीच दोर खांद्यावर घेऊन उठला होता. हिंदीत म्हणाला, "साहेब, माझी आई पण अशीच आहे. चला, उशीर कशाला."

दोघं निघाले. कमरेला एकच दोर. स्टान्झिन काठीनं बर्फ टोचत पुढं, साहेब मागं. एके ठिकाणी साहेबांच्या पायाखालची साय फुटली आणि ते कमरेपर्यंत आत गेले. पाय निळ्या पोकळीत लोंबायला लागले. ते सांगतात, की त्या क्षणी मला दोर स्टान्झिनच्या हातात दिसला नाही, अव्वाच्या हातात दिसला, तूर निवडायच्या त्या वाळक्या बोटांत. स्टान्झिननं ओढून काढलं, अंगावरचा बर्फ झटकला, आणि गूळ घातलेला चहा पाजला. मग दोघं ती भिंत चढले.

भिंतीच्या वर डोंगराच्या कुशीत एक खोलगट जागा होती, बाळाच्या पाळण्यासारखी. तिथं पोचले आणि अचानक थंडी वाढली. पांढरं होतं ते निळं झालं. सूर्य मावळायचा थांबल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या अंगावरून सावली गेली. साहेबांनी वर बघितलं. काळ्या कड्यावर सूर्याचा एक तुकडा राहिला होता, हिरकणीएवढा. तो थरथरला, बारीक झाला, आणि गेला.

साहेबांनी हातमोजा काढला. गळ्यातली डबी उघडून लिंग उघड्या तळहातावर घेतलं. हात पेटल्यासारखा झाला, पण त्यांनी मूठ मिटली नाही. छातीशी ऊब देऊन जपलेला फोन स्टान्झिननं त्यांच्या कानाला लावला.

इकडं आमच्या गावात तेव्हा दिवस उगवत होता. अव्वा भिंतीला टेकून बसलेल्या, डोळे मिटलेले. ओट्यावर बुवा, इरप्पा, आम्ही सगळे. पाटावरचा मोबाईल वाजला.

"अव्वा. मावळला."

अव्वांनी डोळे उघडले. आवाज अगदी बारीक. "तू तर म्हणालास मावळत न्हाई म्हणून."

"आपल्या दारातनं सूर्य कुठं मावळतो, अव्वा?"

"चढावरच्या टेकाडामागं."

"तो तिथं काय संपतो का? पलीकडच्या गावाला दिसतच असतो ना? तसंच हाय. मी डोंगराच्या कुशीत आलोय. इथनं तो गेला. माझ्या डोक्यावरनं गेला. सावली पडलीय."

"खरं?"

"लिंग हातावर हाय, अव्वा."

अव्वा सरळ बसल्या.

"कसा मावळला रे?"

साहेबांनी काळ्या कड्याकडं बघितलं. मग म्हणाले, "गाडग्यातल्या गारेसारखा, अव्वा. होता होता, आणि न्हाई."

अव्वा हसल्या. ते हसू बघितलेलं माणूस अजून या गावात जिवंत आहे, खोटं वाटलं तर विचारा. त्या उठल्या. चैत्राबाईंनी धरलं, तर म्हणाल्या, "दारात ने मला." घरामागून सूर्य वर येत होता. लेकाच्या डोक्यावरून गेलेलाच तो, आता त्याचं ऊन समोरच्या चढावर. त्या उन्हाकडं तोंड करून अव्वांनी हाक मारली, "कुणी जेवायचं राह्यलंय का?"

मोबाईल चालूच होता. हाक पार तिकडच्या बर्फात गेली. स्टान्झिननं विचारलं, "माताजी काय म्हणाल्या?" साहेबांनी सांगितलं. तसा तो पठ्ठ्या फोनजवळ तोंड आणून मोठ्यानं ओरडला, "हम बाकी हैं, माताजी!"

अव्वा मागं वळल्या. "कोण हाय ते?"

"माझा सोबती, अव्वा. आता यानंच दोर ओढून मला वर काढलं," साहेब बोलून गेले, आणि मग जीभ चावली.

अव्वांनी मोबाईलकडं बघून हात जोडले. "चैत्रा, ताट वाढ. त्या लेकराचं पैलं."

दोन ताटं वाढली गेली. रीतीप्रमाणे पाहुण्याला आधी, म्हणून स्टान्झिनच्या ताटावर इरप्पाला बसवलं. तो भाकरी मोडत म्हणाला, "बर्फात त्यो, आन् पोट भरायलंय माझं. असा सोबती सगळ्यांना मिळो." मग अव्वांनी पहिला घास घेतला. घास गिळला हे बघितल्यावर बुवा मठाकडं निघाले. पळत नाही, पण जवळजवळ पळतच. त्या सकाळी हुग्गीच्या पातेल्याचा तळ दिसला.

पण अव्वा जेवता जेवता थांबल्या. मोबाईलकडं बघून म्हणाल्या, "राजशेखर, रोज तिथं चढून जाणार व्हय तू? माझ्या घासापायी?"

"दोर दोघांच्याबी कमरेला असतो, अव्वा."

"मग सोडते मी नेम. आत्ता सोडते. मला काय ठावं, हा दोर तुला ओढंल म्हणून!"

"नको सोडू. थांब एक दिवस."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्या तुकडीला विचारलं. आणि गंमत ऐका. ती माणसं कधीची नीट झोपली नव्हती. चोवीस तास उजेड, तंबूच्या कापडातून डोळ्यांवर ऊन. एकजण म्हणाला, "साहेब, तिथं खरंच सावली पडते? अंधारल्यासारखं होतं?" झालं. भेगा चुकवून, भिंतीला वळसा घालून जाणारी लांबची पण नीट वाट त्यांनी शोधली, निशाणं रोवली आणि सगळे तंबू उचलून डोंगराच्या कुशीत नेले. तिथून पुढं रोज सूर्य वशिंडाआड गेला की ती माणसं जेवायची आणि निळ्या सावलीत लेकरांसारखी झोपायची. झोपायच्या आधी साहेब तंबूच्या तोंडाशी उभे राहून हाक द्यायचे, "कुणी जेवायचं राह्यलंय का?" सगळे आत आहेत असं कळलं, की मग ते जेवायचे. सगळ्यांत शेवटी. बर्फातल्या त्या काळ्या डोंगराला ती माणसं आपसात रात्रीचा डोंगर म्हणायची. साहेब अव्वांना म्हणाले, "अव्वा, तू आम्हाला रात्र दिलीस."

ते घरी आले तेव्हा सोबत स्टान्झिनही आला. संध्याकाळ होती. माय-लेक ओट्यावर बसून टेकाडामागं जाणारा आपला साधा सूर्य बघत होते. तो गेला. अव्वांनी लेकाच्या तोंडून "मावळला" ऐकलं, लिंगाला हात जोडले आणि नेम उतरवला. मग स्टान्झिनला असं वाढलं, असं वाढलं, की एवढा डोंगरातला माणूस, त्याला उठायला भिंत धरावी लागली.

अव्वा देह ठेवून लिंगैक्य झाल्या, त्याला आता काही वर्षं झाली. साहेब नोकरी सोडून गावातच राहतात. कधी बसथांब्यावर उतरलात, तर संध्याकाळी बघा. पायाला करंगळी नसलेला एक उंच माणूस दारात येतो, टेकाडाकडं तोंड करून थोडा वेळ उभा राहतो, आणि मग हाक मारतो. ती हाक रस्त्याला असते की आणखी कुणाला, ते मी कधी विचारलं नाही.

बघा, बुवा निघाले बाहेर. पखवाजही लागला. आता गप्प बसतो. मागणं एवढंच. कीर्तन झाल्यावर पंगतीला बसाल, हुग्गीचं पान समोर येईल, तेव्हा पहिला घास उचलायच्या आधी आजूबाजूला एकदा बघा, कुणी राहिलंय का ते. आणि बसम्मा अव्वांची आठवण ठेवा.